टाळीवाचून अडलेली रत्नवेणी

चिंचवड,
आश्विन वद्य अष्टमी, सन १९५७

तीर्थरूप सोपानराव दाजींच्या पायांशी ज्योतीरामचा साष्टांग नमस्कार. (पायपेटीचा भाता मारून मारून उजवा गुडघा धरला आहे, तेव्हा आठांतलं एक अंग कमी मोजावं.) इकडची मंडळी खुशाल आहेत. जे खुशाल नाहीत तेही अजून इकडेच आहेत, आणि पत्राला कारण तेच. सुमनताईचा खोकला कसा आहे? आपल्या घोट्याची सूज उतरली का? वखारीच्या मागच्या खिडकीतून आपण ज्या चपळाईने बाहेर पडलात ती आपल्या वयाला शोभणारी नव्हती, पण मी दोष देत नाही. माझे पाय मोकळे असते तर मी आपल्याही पुढे असतो.

आपलं कार्ड पावलं. भाऊबीजेला ये आणि उद्धवरावांचं तेरावं कुणी केलं ते कळव, असं आपण लिहिता. भाऊबीजेला येणं जमत नाही. तेरावं झालेलं नाही, कारण खुद्द उद्धवरावांची त्याला तयारी नाही. मी हे लिहितोय तेव्हा ते बाहेरच्या खोलीत पायपेटीशेजारी रत्नवेणीचा शालू नेसून बसले आहेत. त्यांच्यापुढे इंदूने सकाळी ठेवलेला चहा आहे. त्याला ना साय धरली, ना माशी लागली. आपण पुढे लिहिता की ते उठून बसले हा आपल्याला झालेला भास होता आणि डोळ्यांत कांदा गेला होता. दाजी, कांदा सगळ्यांच्याच डोळ्यांत गेला होता. पण माझ्या घरात कांदा नाही (इंदूचं चातुर्मासाचं व्रत आहे), आणि उद्धवराव आहेत.

आपल्याला सगळं ठाऊक आहे, तरी सुमनताई हे पत्र आपल्या खांद्यावरून वाचणारच, म्हणून पहिल्यापासून सांगतो. ताई, तुला नाटकाचं वेड नाही ही देवाची कृपा. आम्हा दोघांना ते धोंडबुवा अवसरीकरांनी लावलं. बुवांना जाऊन आता वीसएक वर्षं झाली असतील, पण चाकणपासून तळेगावपर्यंत मोटेवरचा गडीसुद्धा त्यांचीच चाल गुणगुणतो, आणि ती कुणाची हे त्याला माहीत नसतं. बुवांची चाल सुरू व्हायची जात्यावरच्या ओवीसारखी, साधी, आपल्या घरातली. मग मध्येच कुठे तरी ती अशी वळायची की माणसाला वाटावं, इतकी वर्षं या वाटेने जातोय, इथे वळण होतं हे आपल्याला दिसलं कसं नाही. मी अठरा वर्षांचा असताना ते वळण पहिल्यांदा ऐकलं आणि त्यानंतर कुठलंच काम मला धड जमलं नाही.

बुवांची पदं गाणारी दोन माणसं. एक कौशल्याबाई, ज्यांच्या तबकड्या दाजी रोज देवपूजेआधी लावतात. आणि दुसरे उद्धवराव, बुवांच्या कंपनीत स्त्रीपार्ट करणारे, ज्यांची मी चाळीस वर्षं पूजा केली. (तुझ्या लग्नाच्या बैठकीत मानपानावरून काही अडलं नाही, पण कौशल्याबाई श्रेष्ठ की उद्धवराव यावरून दाजी पानावरून उठले होते, हे तुला कुणी सांगितलं नसेल.) माझ्या मते बुवांची चाल कौशल्याबाई छान सजवतात, पण उद्धवराव ती सोसतात. मात्र गंमत अशी की खुद्द बुवांनी उद्धवरावांना जन्मात एकदा “वा” म्हटलं नाही. तालमीत पद संपलं की बुवा तपकीर ओढायचे आणि म्हणायचे, “हं. पुढं.” म्हातारपणी तळेगावच्या खोलीत एकटे पडलेले उद्धवराव हे मला किती वेळा सांगायचे, आणि दर वेळी सांगताना हसायचे, आणि दर वेळी त्यांचे डोळे भरायचे.

आता वन्समोरचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. ‘संगीत रत्नवेणी’च्या शेवटी नायिका विष पिते, “द्या ना निरोप सदया” ही भैरवी गाते आणि मरते. मग राजपुत्र हार घेऊन उशिरा येतो. पण प्रेक्षकांतून कुणी वन्समोर दिला की मेलेल्या रत्नवेणीने उठून बसायचं, तेच पद परत गायचं आणि परत मरायचं. राजपुत्राने हार घेऊन बाजूला उभं राहायचं. जुन्या काळी एका रात्रीत रत्नवेणी इतक्यांदा मरायची की राजपुत्र खाली बसून घ्यायचा. याला धोंडबुवांचा एकच नियम होता, आणि तो कंपनीत सगळ्यांना देवाच्या शपथेसारखा होता: ज्याने मागितलं त्यानेच सोडायचं. वन्समोर मागणाऱ्याने पद संपल्यावर स्वतः टाळी द्यायची. ती टाळी म्हणजे नटाला निरोप. ती मिळेपर्यंत नटाने विंगेत जायचं नाही, आणि पेटीवाल्याने भात्यावरून पाय काढायचा नाही.

दर साली बुवांच्या पुण्यतिथीला आम्ही चाकणला तेवढा शेवटचा प्रवेश करतो. पुण्यतिथी येते ऐन पितृपंधरवड्यात. जागा दत्तोबा अडत्यांची कांद्याची वखार, आणि वेळ दुपारची, कारण वखारीत वीज नाही आणि माझी कारखान्यातली शिफ्ट पहाटेची. यंदा भाद्रपदात पाऊस लागून राहिला आणि कांदा सडू लागला होता, म्हणून नांदीपासूनच सगळे रडत होते. (याच वखारीत निवडणुकीची सभा झाली तेव्हाही लोक असेच रडले होते आणि उमेदवाराचा गैरसमज झाला होता.) पेटीवर मी. रत्नवेणी उद्धवराव, सत्तरी उलटलेले, पण शालू नेसून पदर घेतला की अजून बायका त्यांच्याकडे बघून आपला पदर नीट करायच्या. राजपुत्र दत्तोबा, कारण वखार त्यांची. पहिल्या ओळीत आपण, दाजी, हातांची घडी घालून. आपण दर साली शिरूरहून येता ते बुवांसाठी, उद्धवरावांसाठी नाही, हे दाखवायला ती घडी असते.

उद्धवराव गायले. त्या दिवशी आवाज बारीक होता, पण कुठे तुटला नाही. शेवटच्या ओळीला ते आडवे झाले. दत्तोबा हार घालायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग सरळ होऊन त्यांनी नाटकात नसलेलं वाक्य म्हटलं.

“आवं, हे गार पडलं की.”

दुसऱ्या ओळीतले डॉक्टर वर चढले. मनगट धरलं, पापणी उचलून पाहिली, छातीला कान लावला आणि आपली टोपी काढली. त्याबरोबर वखारीतल्या सगळ्या टोप्या उतरल्या. बायकांत कुणी तरी सूर लावला. मी भात्यावर पाय तसाच ठेवून बसलो होतो, कारण पाय काढला तर ते खरं झालं असतं. आणि त्या रडारडीत पहिल्या ओळीतून, चाळीस वर्षांत उद्धवरावांना आपल्याकडून एकदाही न मिळालेला, जड झालेला, ओला आवाज आला.

“वन्समोर.”

कार्डात आपण लिहिता की तोंडातून सवयीने गेलं. दाजी, आपल्याला ती सवय कधीच नव्हती. आपण तो मनापासून दिलात. चाळीस वर्षं आपण त्या माणसाला जे द्यायचं नाकारलंत ते तो गेल्यावर एकदम द्यावंसं वाटलं, आणि त्याबद्दल मी आपले पाय धरीन. फक्त वेळ चुकली.

रत्नवेणी वन्समोरला कशी उठते हे आपल्याला पाठ आहे. आधी उजवा हात हलतो, कलंडलेला विषाचा पेला उचलून सरळ ठेवतो, आणि मग ती उठते. तसंच झालं. डॉक्टरांची बोटं अजून त्यांच्या मनगटावर होती. (डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की नाडी लागतच नव्हती, हात मात्र चालला होता. ते हल्ली गाण्याच्या कार्यक्रमाला जात नाहीत.) उद्धवरावांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी सूर दिला. दुसरं काय करणार होतो?

त्यांनी पहिली ओळ घेतली आणि तुम्ही सगळे उठलात. दत्तोबा हारासकट पळाले. आपण खिडकी गाठलीत, डावी वहाण खुर्चीखाली राहिली. कांद्याच्या गोण्या कोसळल्या, माणसं त्यांवरून गेली, आणि पद अर्ध्यावर यायच्या आत वखारीत मी एकटा उरलो. ती भैरवी तुम्ही कुणी ऐकली नाहीत. दाजी, ते वळण त्यांनी बुवांच्या ठरलेल्या जागी घेतलं नाही. एक घर पुढे नेऊन घेतलं, आणि मला कळलं की बुवांना ते तिथेच हवं होतं, आणि कुठल्याही जिवंत गळ्याला तिथवर दम पुरला नसता. मला भीती वाटत होती आणि आनंदही झाला होता. दोन्ही एकाच वेळी होतं, खोटं कशाला सांगू?

पद संपलं. ते हात जोडून उभे राहिले आणि पहिल्या ओळीकडे पाहत राहिले. तिथे आपली वहाण होती.

“गेले का रे सगळे?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

“मग मला सोडणार कोण?”

हे एवढंच, दाजी, तेव्हापासून आमच्या घरात अडलं आहे. दत्तोबांनी बैलगाडी दिली आणि ती परत करायची घाई नाही असं गाडीपासून लांब उभं राहून सांगितलं. बैल चिंचवडापर्यंत एका चालीने आले, आणि ती चाल झपताल होती. उद्धवरावांच्या तळेगावच्या खोलीत त्यांचं म्हणायला कुणी नाही, म्हणून त्यांना आमच्याकडेच उतरवलं. इंदूने आधी मला बोल लावला, मग त्यांना ओवाळलं. ती म्हणते, पाहुणा म्हणून त्यांच्यात खोट काढायला जागा नाही. जेवत नाहीत, पान मागत नाहीत, रात्री घोरत नाहीत. झोपतच नाहीत म्हटल्यावर घोरणार कसे? फक्त त्यांच्या खोलीत वाळत घातलेलं धुणं वाळत नाही, ही तिची एक तक्रार आहे.

पहिल्या आठवड्यात मी आमच्या कोंडाजी न्हाव्याला बोलावलं. स्त्रीपार्टी नटाची दाढी वाढू देणं मला बघवलं नसतं. कोंडाजीने वस्तरा पाजळला, गालावर हात फिरवला, परत फिरवला, आणि साबण न लावताच हत्यारं गुंडाळली. दारात येऊन मला हळूच म्हणाला, “ही दाढी त्या दिशी केल्यालीच हाय. ती म्होरं वाढायची न्हाई.” तेव्हापासून तो माझीही दाढी अंगणातच करतो.

आमच्या पिंपरीच्या कारखान्यात जिवंत जंतू मारायचं औषध बनतं. गेलेल्या माणसाला निजवायचं औषध बनतं का, म्हणून मी आमच्या केमिस्टला आडून आडून विचारून पाहिलं. त्याने मला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितली.

दुपारी शिफ्ट सुटून मी घरी आलो की ते म्हणतात, “पेटी लाव.” मी बसतो. आणि दाजी, ते बुवांच्या चाली गातात. आपण ऐकलेल्या नाहीत. बुवांनी बांधल्या आणि टाकून दिल्या त्या. तालमीत सुचल्या आणि दुसऱ्या दिवशी विसरल्या त्या. एकाच पदाच्या तीन तीन चाली, आणि तिन्ही खऱ्या. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? ते म्हणाले, “बुवा विंगेतून सांगतात.” मी विचारलं, कुठली विंग? त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. त्या दारावर इंदूने जुन्या लुगड्याचा पडदा लावला आहे, आणि तो वारा नसताना हलत होता. (इंदू त्या वेळी बाहेर निवडण करत होती. तिला मी हे सांगितलेलं नाही. तिला स्वयंपाक तिथेच करायचा असतो.) पदाच्या मध्यावर आले की माझ्या पायाखालचा भाता आपोआप दबतो, माझ्या लयीपेक्षा किंचित संथ. बुवांना संथच आवडायचं. पहिल्या दिवशी मी घाबरून पाय उचलला, तर सूर तसाच चालू राहिला. तेव्हापासून मी पाय उचलत नाही. कुणाच्या तरी पायावर पाय ठेवल्यासारखं वाटतं, तरी उचलत नाही.

रोज गाऊन झालं की ते हात जोडून उभे राहतात, माझ्या पलीकडे कुठे तरी आपल्याला शोधतात, आणि परत खाली बसतात. काल म्हणाले, “मला आत जायचंय रे. मी गेलो नाही म्हणून बुवाही थांबलेत. त्यांना असं विंगेत उभं ठेवणं बरं नव्हे.” हे त्यांनी इतक्या अजिजीने म्हटलं की मला माझीच लाज वाटली.

असो. पत्र लांबलं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि अधल्यामधल्यांनी हे वाचून कुणाला दाखवू नये.

आपला,
ज्योतीराम

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. ज्याने मागितलं त्यानेच सोडायचं, हा नियम आपल्याला माहीत आहे. उद्धवराव आपल्या एका टाळीसाठी अडले आहेत. माझी टाळी चालत नाही, मी दोनदा वाजवून पाहिली. ते हसले आणि मान हलवली. टाळी टपालाने पाठवता येत नाही. तेव्हा शिरूरहून सकाळची गाडी धरून या, एकदा टाळी द्या, चहा घ्या आणि जा. डावी वहाण इथे तेल लावून ठेवली आहे.

दुसरा ता. क. पाकीट बंद करायच्या आत लिहितो. इतक्यात नका येऊ. तुळशीच्या लग्नानंतर या. बुवांनी एक नाटक बसवलंच नव्हतं, त्याच्या चाली आता चालू झाल्या आहेत. उद्धवराव म्हणतात, या झाल्या की संपलं, पुढे बुवांकडे काही नाही. आपण आज आलात तर या चाली कुणीच कधी ऐकणार नाही. मेलेल्या माणसाला आणखी वीसएक दिवस थांबवून ठेवणं हे पाप असेल तर ते माझ्या नावावर घाला. मी त्यांना सांगितलं आहे की आपला घोटा अजून दुखतोय. ते म्हणाले, “दुखायचाच. उडी उंचावरून मारली त्यांनी.” आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली.

तिसरा ता. क. पाकीट चार दिवस टपालात टाकलंच नाही. दुसरा ता. क. फाडून टाकायला हवा होता, पण त्याच कागदाच्या पाठीवर हे लिहितोय, कारण घरात दुसरा कागद आणायला आत जाता येत नाही. का, ते ऐका.

आज दुपारी त्यांनी शेवटची चाल गायली. ती कशी होती ते मला सांगता येणार नाही. सुरू झाली ओवीसारखी, आणि या वेळी वळली नाही. शेवटपर्यंत साधी राहिली. बुवा एवढं आयुष्य वळणं घेत हिंडले ते या सरळ रस्त्यावर यायला, असं मला वाटलं आणि रडू आलं. पद संपलं, आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ, मला न विचारता “वन्समोर” निघालं. पण मी एकटा नव्हतो. माझ्याबरोबर स्वयंपाकघरातूनही आवाज आला. म्हातारा, नाकात तपकीर भरलेला.

“वन्समोर.”

इंदू तेव्हा आडावर पाण्याला गेली होती.

उद्धवरावांनी माझा ऐकलाच नाही. ते पडद्याकडे पाहत राहिले. तालमीला पहिल्यांदा आलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्यांना आमच्या स्वयंपाकघरातून मिळालं. मग ते परत गायले, आणि संपल्यावर आतून सावकाश टाळ्या आल्या. मीही वाजवल्या, दाजी. मला थांबवून ठेवायचं होतं, तुळशीच्या लग्नापर्यंत, जमलं तर जन्मभर. पण तो चेहरा पाहिल्यावर हात आपणहून वर गेले. तळवे लाल होईपर्यंत वाजवल्या.

त्यांनी मला वाकून नमस्कार केला, पदर सावरला आणि निघाले. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि तिथेच थांबले. पडदा त्यांच्या खांद्यावर आहे. आतून एक सुरकुतलेला हात बाहेर आलाय, त्यांनी तो धरला आहे, आणि तरी पाय उचलत नाही. बुवांनी सोडलं, मी सोडलं. एक टाळी राहिली आहे आणि ती आपली.

इंदू घागर घेऊन अंगणात उभी आहे. उंबरा अडलाय म्हणून आमची चूल पेटलेली नाही. कोंडाजी सायकलवर शिक्रापूरपर्यंत हे पत्र घेऊन निघतोय, तिथून त्याचा मेहुणा आणील. मिळेल त्या वाहनाने या. वहाण एकच असली तरी चालेल. हात मात्र दोन्ही आणा.